सर्पगंधा आणि मनोविकारचिकित्सा : एका मुळीचा शास्त्रीय इतिहास

पेठ वडगाव हे हातकणंगले तालुक्यातील जुने बाजाराचे गाव. त्याच्या पश्चिमेस जोतिबा व पन्हाळा यांचे डोंगर आणि त्यांच्याही पलीकडे सह्याद्रीची मुख्य रांग आहे. हिरडा, बेहडा, शिकेकाई, मध असा डोंगरचा माल घाटमाथ्यावरून उतरून देशावरच्या अशा पेठांत विकला जाणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. काष्ठौषधींच्या दुकानांतून आणि वैदूंच्या झोळीतून ज्या मुळ्या देशभर विकल्या गेल्या, त्यांतली एक मुळी मात्र विसाव्या शतकाच्या मध्यास थेट बाझेल, बॉस्टन आणि न्यूयॉर्क येथील प्रयोगशाळांत व रुग्णालयांत जाऊन पोहोचली. रक्तदाबाच्या उपचारांत तिने नवे युग आणले, मनोरुग्णालयांची रीत बदलण्यास ती साहाय्यभूत झाली, आणि मेंदूच्या रसायनशास्त्राचा पाया घालण्यात तिचा वाटा मोठा आहे. ही मुळी म्हणजे सर्पगंधा.

या वनस्पतीविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. आमच्या पूर्वजांना हे सर्व ठाऊकच होते, पाश्चात्त्यांनी ते उचलले, असे एक मत. आणि झाडपाल्याच्या औषधांत शास्त्र कसले, असे दुसरे. सर्पगंधेचा इतिहास बारकाईने पाहिला तर ही दोन्ही मते टिकत नाहीत. प्रस्तुत लेखात तो इतिहास क्रमाने मांडून, त्यातून मनोविकारांच्या संशोधनाची पद्धती आणि मनोरुग्णाची शुश्रूषा या दोहोंसंबंधी काय बोध घ्यावयाचा याचा विचार केला आहे.

१. वनस्पती आणि तिची नावे

सर्पगंधा हे करवीर कुलातील, म्हणजे आपल्या कण्हेरीच्या कुळातील, लहानसे झुडूप होय. बहुधा ते हात-दीड हातापेक्षा उंच वाढत नाही. पाने पेऱ्यावर तीन-तीनच्या मंडलांत येतात. फुले पांढरी वा किंचित गुलाबी असून त्यांचे देठ तांबडे असतात. फळे वाटाण्याएवढी व पिकल्यावर जांभळट काळी होतात. औषधी द्रव्ये मुख्यतः मुळात, आणि मुळातही त्याच्या सालीत, साठलेली असतात. मूळ चवीला अत्यंत कडू असते. हिमालयाच्या पायथ्यापासून आसामपर्यंत आणि इकडे कोकण, गोवा, उत्तर कानडा व सह्याद्रीचा पट्टा येथे ही वनस्पती रानात उगवते. मराठीत तिला हरकी, अडकई अशीही नावे आहेत.

'सर्पगंधा' हे नाव संस्कृत वैद्यकग्रंथांत विषचिकित्सेच्या संदर्भात येते. तथापि त्या नावाने ग्रंथकारांस हीच वनस्पती अभिप्रेत होती की दुसरी एखादी, हे सर्वत्र निश्चित सांगता येत नाही. आणि उन्मादावरील औषध म्हणून तिची जी ख्याती झाली, तिचा आधार ग्रंथांपेक्षा लोकव्यवहारात अधिक सापडतो. बिहार व संयुक्त प्रांत या भागांत ही मुळी 'पागल की दवा' या नावाने विकली जात असे. खेड्यापाड्यांतील रडणाऱ्या मुलांना झोपविण्यासाठीही तिचा वापर होई. म्हणजे ज्याला आपण प्राचीन ज्ञान म्हणतो, त्याचा मोठा भाग येथे निरक्षर माणसांच्या अनुभवातून आलेला आहे. ग्रंथकार वैद्यांपेक्षा अनाम वैदूंचे ऋण अधिक आहे.

पाश्चात्त्यांच्या दप्तरी अशा मुळ्यांची पहिली महत्त्वाची नोंद गोव्यातच झाली. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या संवादग्रंथात सिंहलद्वीपातील 'सर्पकाष्ठा'चे वर्णन केले असून, त्यांतील एक प्रकार सर्पगंधेचाच असावा असे अभ्यासकांचे मत आहे. सापाशी झुंजण्यापूर्वी मुंगूस ही मुळी खाते, ही आख्यायिकाही तेथे आढळते. पुढे प्लूमिए या फ्रेंच वनस्पतिज्ञाने १७०३ मध्ये या प्रजातीस सोळाव्या शतकातील जर्मन वैद्य लिओनहार्ट राउवोल्फ याच्या स्मरणार्थ 'राउवोल्फिया' असे नाव दिले. गमतीची गोष्ट अशी की, राउवोल्फ पश्चिम आशियात हिंडला खरा. परंतु हिंदुस्थानात तो कधी आलाच नाही.

२. इ. स. १९३१ : दिल्ली आणि कलकत्ता

सर्पगंधेचा आधुनिक इतिहास १९३१ पासून सुरू होतो. त्या एकाच वर्षी दोन निरनिराळ्या गावी दोन निरनिराळ्या प्रकारचे संशोधन प्रसिद्ध झाले.

दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुझ्झमान सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी या रसायनशास्त्रज्ञांनी मुळातून पाच अल्कलॉइडे स्फटिकरूपात वेगळी केली. आपले आश्रयदाते हकीम अजमलखान यांच्या स्मरणार्थ त्यांनी एकाचे नाव 'अजमलीन' ठेवले. हे द्रव्य आजही हृदयरोगतज्ज्ञांच्या उपयोगी पडते. हृदयाच्या तालातील एक विशिष्ट आनुवंशिक दोष ओळखण्याच्या चाचणीत ते शिरेतून देतात.

त्याच वर्षी कलकत्त्यास गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधा हे वेड व वाढलेला रक्तदाब यांवरील नवे भारतीय औषध होय, असा निबंध प्रसिद्ध केला. मुळीचे चूर्ण २० ते ३० ग्रेन, दिवसातून दोनदा दिले असता प्रक्षुब्ध रुग्ण शांत होतात, त्यांना झोप येते आणि रक्तदाबही उतरतो, अशी त्यांची निरीक्षणे होती. मनोविकार आणि रक्तदाब ही दोन्ही सूत्रे एकाच वेळी त्यांच्या हाती लागली होती, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

यानंतर एक पेच उत्पन्न झाला. वेगळी केलेली अल्कलॉइडे प्राण्यांना दिली असता सबंध मुळीचा तो शामक परिणाम दिसेना. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेतील रामनाथ चोप्रा व त्यांचे सहकारी यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. आणि १९४३ च्या सुमारास असे दिसून आले की, झोप आणणारा गुण ज्ञात अल्कलॉइडांत नसून ती काढून घेतल्यावर उरणाऱ्या राळेसारख्या भागात आहे. प्रयोगशाळेत जो अंश 'गाळ' म्हणून बाजूला पडत होता, त्यातच खरे द्रव्य दडलेले होते. भारतीय संशोधकांनी हा रोख अचूक दाखविला. पुढले पाऊल, म्हणजे त्या राळेतून शुद्ध द्रव्य काढण्याचे, मात्र आपल्याकडे पडले नाही. महायुद्धाचा काळ, तोकडी साधने आणि औषधनिर्मितीच्या उद्योगाचे पाठबळ नसणे, ही परिस्थिती येथे लक्षात घेतली पाहिजे.

३. मुंबई : डॉ. वकील यांचा निबंध

यानंतरचा टप्पा आपल्या महाराष्ट्रातला आहे. मुंबईच्या किंग एडवर्ड स्मारक रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील (१९११–१९७४) यांनी रक्तदाबाच्या रुग्णांत सर्पगंधेचा वापर अनेक वर्षे केला आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात ५० रुग्णांवरील आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. औषध सुरू करण्यापूर्वी, ते चालू असताना आणि ते थांबविल्यानंतर, अशा तिन्ही अवस्थांत त्यांनी रक्तदाब मोजला होता. आजच्या कसोटीने पाहता त्यात तुलनेसाठी स्वतंत्र गट नव्हता. तरीही 'गुण आला' या मोघम शब्दांऐवजी आकडे मांडणे आणि ते जगातील तज्ज्ञांसमोर ठेवणे, यातच या निबंधाचे महत्त्व आहे.

तो निबंध बॉस्टन येथील डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांच्या वाचनात आला. त्यांनी मुळी मागवून आपल्या रुग्णांवर प्रयोग केला. रक्तदाब सावकाश उतरतो, नाडी मंद होते, आणि रुग्णास गुंगी न येता एक प्रकारचा निवांतपणा येतो, असे त्यांना आढळले. झोपेच्या औषधांनी मनुष्य जडावतो; येथे तो जागा राहून शांत होई. मनोविकारतज्ज्ञांचे लक्ष या मुळीकडे वेधले जाण्यास हे निरीक्षण फार उपयोगी पडले.

४. शुद्ध द्रव्य आणि मनोरुग्णालय

१९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील सीबा या औषधकंपनीच्या प्रयोगशाळेत म्यूलर, श्लिटलर आणि बाइन या तिघांनी त्या राळेतून शामक द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले व त्यास 'रेसर्पीन' असे नाव दिले. १९५६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील रॉबर्ट वुडवर्ड यांनी ते प्रयोगशाळेत संपूर्णतया संश्लेषित केले. इतक्या गुंतागुंतीच्या रेणूचे संश्लेषण हा कार्बनी रसायनशास्त्राचा एक आदर्श मानला जातो. वुडवर्ड यांना १९६५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

याच सुमारास, १९५३ मध्ये, अहमदाबादचे डॉ. आर. ए. हकीम यांच्या मनोविकारांवरील निबंधाची वार्ता न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात छापून आली. न्यूयॉर्क राज्यातील रॉकलंड मनोरुग्णालयाचे डॉ. नेथन क्लाइन यांनी तेथे सर्पगंधा व रेसर्पीन यांचे प्रयोग केले आणि त्यांचे निष्कर्ष १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्या काळची मनोरुग्णालये कशी होती हे ध्यानात घेतल्यावाचून या घटनेचे मोल कळणार नाही. तीव्र उन्माद वा छिन्नमनस्कता यांवर तोवर इन्शुलिनने आणलेली बेशुद्धी, विजेचे झटके आणि मेंदूवरील शस्त्रक्रिया हेच उपाय होते; आणि तेही ज्यांना मिळत त्यांना. बाकी सर्व काम कुलपे, साखळदंड व पहारेकरी यांच्यावर चाले. आपल्याकडे १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार सबंध हिंदुस्थानात मनोरुग्णांसाठी सुमारे १०,००० खाटा होत्या, आणि लोकसंख्या होती चाळीस कोटी. मराठी मुलखात ठाणे, येरवडा, रत्नागिरी व नागपूर येथील मनोरुग्णालये हाच काय तो आधार. कोल्हापूरकडच्या रुग्णास बहुधा आंबा घाट उतरून १८८६ मध्ये स्थापन झालेल्या रत्नागिरीच्या रुग्णालयात न्यावे लागे. इतकी वाट तुडवून जे येत, त्यांच्यापेक्षा घरच्या खांबाला किंवा गोठ्यात बांधलेले रुग्ण अधिक असणार, हे सांगावयास नकोच.

अशा स्थितीत आरडाओरडा करणारा, अंगावर धावून येणारा रुग्ण काही दिवसांच्या औषधाने शांत होतो व त्याच्याशी बोलता येते, हा अनुभव डॉक्टरांना आणि परिचारकांना नवा होता. १९५२ मध्ये पॅरिस येथे डले व डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझीन या कृत्रिम औषधाचा असाच परिणाम दाखविला होता. ही दोन औषधे मिळून मनोविकारांच्या औषधोपचारांचे आधुनिक युग सुरू झाले. १९५७ च्या लास्कर पारितोषिकाच्या मानकऱ्यांत क्लाइन, नोस, डेनिकर, लाबोरी आणि लेमन यांच्या बरोबरीने मुंबईच्या डॉ. वकिलांचे नाव होते.

परंतु या दोन औषधांत क्लोरप्रोमाझीन लवकरच पुढे गेले. रेसर्पीनचा परिणाम दिसावयास पुष्कळ दिवस लागत. मधल्या काळात काही रुग्ण अधिकच अस्वस्थ होत. रक्तदाब अकारण घसरे. नाक चोंदणे, अतिसार, जठरव्रण बळावणे, हातापायांस कंप सुटणे असे उपद्रव होत. रेसर्पीन घेत असलेल्या रुग्णास विजेचे झटके देणे विशेष धोक्याचे ठरले. १९६० नंतर मनोविकारचिकित्सेतून रेसर्पीन जवळजवळ हद्दपार झाले, आणि रक्तदाबावरील अल्प मात्रेचे औषध म्हणूनच ते काही काळ टिकले.

५. क्रियेचा उलगडा

औषध म्हणून रेसर्पीन मागे पडले. परंतु संशोधनाचे साधन म्हणून त्याचे कार्य त्याच वेळी सुरू झाले. १९५५ मध्ये अमेरिकेतील बेथेस्डा येथे प्लेचर, शोर व ब्रोडी यांनी असे दाखविले की, रेसर्पीन दिल्यानंतर शरीरातील सेरोटोनिन या द्रव्याचा साठा झपाट्याने कमी होतो. एखाद्या मनोविकारावरील औषधाचा मेंदूतील विशिष्ट रसायनाशी प्रत्यक्ष संबंध जोडला गेल्याचे हे अगदी आरंभीचे उदाहरण होय. पाठोपाठ नॉरअड्रेनलीन व डोपामीन यांचेही साठे असेच रिकामे होतात हे सिद्ध झाले.

ही क्रिया कशी घडते हे आज स्पष्ट झाले आहे. मज्जापेशींच्या टोकाशी अतिसूक्ष्म पिशव्या असतात. सेरोटोनिन, डोपामीन, नॉरअड्रेनलीन ही संदेशवाहक द्रव्ये त्यांत भरून ठेवली जातात आणि आवश्यकतेनुसार बाहेर सोडली जातात. द्रव्ये पिशवीत भरण्याचे काम तिच्या आवरणातील एक वाहक प्रथिन करते. रेसर्पीन नेमके या प्रथिनास घट्ट चिकटते व त्याचे काम बंद पाडते. कणगीचे तोंडच बुजविले तर शेतात पीक कितीही आले तरी धान्य अंगणात पडून पाखरांच्या तोंडी जाते; तसे पिशवीबाहेर राहिलेले हे द्रव्य पेशीतील विकर मोडून टाकते. साठा हळूहळू आटतो, म्हणून औषधाचा परिणाम दिसण्यास वेळ लागतो. चिकटलेले रेसर्पीन सहसा सुटत नाही. कार्य पूर्ववत होण्यास नव्या पिशव्या तयार व्हाव्या लागतात. म्हणून औषध थांबविल्यानंतरही परिणाम कित्येक दिवस, कधी काही आठवडे, रेंगाळतो. डॉक्टरांनी १९५० च्या दशकात जे निरीक्षणाने टिपले होते, त्याचे कारण असे चार दशकांनी रेणूंच्या पातळीवर सापडले.

१९५७ मध्ये स्वीडनमधील आर्विड कार्लसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग तर अभिजात म्हणावा असा आहे. रेसर्पीन दिलेले ससे कान पाडून निश्चल पडून होते. त्यांना सेरोटोनिनचे पूर्वद्रव्य टोचले असता काही उपयोग झाला नाही. परंतु डोपा हे द्रव्य टोचताच थोड्याच वेळात ते उठून हिंडू लागले. डोपापासून मेंदूत डोपामीन तयार होते. पुढल्या वर्षी कार्लसन यांनी डोपामीन हे मेंदूतील स्वतंत्र महत्त्वाचे द्रव्य असल्याचे दाखवून दिले. १९६० मध्ये व्हिएन्नाचे होर्नीकिएविच यांना कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत त्याची उणीव आढळली. आणि त्यातून कंपवातावरील डोपाचा उपचार निघाला. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे आपल्या वाचकांस एका योगायोगाकडे लक्ष वेधावेसे वाटते. आपल्याच डोंगरकुशीत वाढणाऱ्या खाजकुहिलीच्या बियांत डोपा विपुल असते. ते त्या बियांतून वेगळे केल्याचा निबंध दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ मध्येच प्रसिद्ध केला होता. एक वनस्पती मेंदूतील साठा रिता करते आणि दुसरीत तो भरून काढणारे द्रव्य असते. दोन्ही एका मुलखातल्या. मात्र त्या दोहोंचा परस्परसंबंध कळण्यास ससा, प्रयोगशाळा आणि एक नेमका प्रश्न यांची जोड लागली.

६. विषण्णतेचा प्रश्न

सर्पगंधेच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण अजून सांगावयाचे आहे. रक्तदाबासाठी रेसर्पीन दीर्घकाळ व मोठ्या मात्रेत घेणारे काही रुग्ण खिन्न होतात, जीवनास कंटाळतात, अशी वृत्ते १९५४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. एकीकडे रेसर्पीन अमाइन द्रव्यांचा साठा आटवते हे सिद्ध झालेले, दुसरीकडे त्याने विषण्णता येते अशी वृत्ते. तेव्हा विषण्णता म्हणजेच या द्रव्यांची उणीव, असा तर्क मांडला जाणे साहजिक होते. १९६५ मध्ये शिल्डक्राउट यांनी नॉरअड्रेनलीनसंबंधी तो पद्धतशीरपणे मांडला. विषण्णतेवरील औषधे ही द्रव्ये वाढवितात, या निरीक्षणाने त्यास पुष्टी मिळाली. 'तुमच्या मेंदूत एक रसायन कमी पडले आहे' असे जे वाक्य आज रुग्णाला सर्रास ऐकविले जाते, त्याच्या मुळाशी काही अंशी ही सर्पगंधाच आहे.

परंतु या तर्काची कडी कितपत पक्की आहे? १९५५ मध्येच लंडन येथे डेव्हिस व शेफर्ड यांनी चिंताग्रस्त व विषण्ण रुग्णांवर रेसर्पीनचा काटेकोर प्रयोग केला. काहींना औषध व काहींना औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी देऊन त्यांनी तुलना केली, आणि रेसर्पीन घेणाऱ्यांत सुधारणा अधिक आढळली. विषण्णता आणणारे म्हणून ज्याची अपकीर्ती झाली, त्याच औषधाने विषण्णता कमी झाली असे हा प्रयोग सांगत होता. तो जवळजवळ विस्मृतीत गेला. पुढे जुन्या वृत्तांची फेरतपासणी झाली तेव्हा असे दिसले की, ज्यांना पूर्वी विषण्णतेचा विकार होऊन गेला होता अशांतच खरी विषण्णता मुख्यत्वे उद्भवली होती. आणि औषधाने येणारा जडपणा, मंदपणा व निद्राळूपणा यांनाच पुष्कळदा विषण्णता म्हटले गेले होते. तरीही संभाव्य धोका ओळखून पूर्वी विषण्णता झालेल्या रुग्णास रेसर्पीन देऊ नये, हा चिकित्सेतील नियम योग्यच आहे. संशय रुग्णाच्या बाजूने घ्यावयाचा असतो. परंतु चिकित्सेतील सावधगिरी वेगळी आणि कार्यकारणभावाचा पुरावा वेगळा.

मनोविकारांच्या अभ्यासकाने येथे दोन गोष्टी शिकाव्यात. पहिली अशी की, सुटीसुटी वृत्ते कितीही ठळक असली तरी तुलनेचा गट नसेल तर ती निष्कर्षाचा भार पेलू शकत नाहीत. दुसरी अशी की, एखादे औषध विकारावर गुणकारी ठरले म्हणून त्या औषधाने बदलणारे द्रव्य हेच विकाराचे कारण, असे ठरत नाही. तापावर कपाळी ओली पट्टी ठेवल्याने बरे वाटते. परंतु पट्टीचा अभाव हे काही तापाचे कारण नव्हे. आज विषण्णतेची मीमांसा आनुवंशिकता, आयुष्यातील आघात, मेंदूतील मंडलांची रचना, दारिद्र्य व एकाकीपण अशा अनेक अंगांनी केली जाते, आणि एका द्रव्याच्या उणिवेचा सिद्धांत तज्ज्ञांस अपुरा वाटतो. म्हणून विषण्णतेवरील औषधे निरुपयोगी ठरतात असे मुळीच नाही. ती का उपयोगी पडतात याचे सोपे उत्तर आपल्यापाशी नाही, एवढाच याचा अर्थ.

७. मुळी, मात्रा आणि आजचा रुग्ण

आता मुळीकडे परत येऊ. रेसर्पीन गेले तरी सर्पगंधेचे चूर्ण व गोळ्या बाजारात आहेत, आणि झोप उडालेल्या वा भ्रमिष्ट झालेल्या घरच्या माणसास गुपचूप काहीतरी देऊन पाहण्याची प्रवृत्तीही आहे. वनस्पतीचे औषध म्हणजे निरुपद्रवी औषध, अशी समजूत त्यामागे असते. ती किती चुकीची आहे हे साध्या हिशेबाने दाखविता येईल.

सेन व बोस यांची मात्रा २० ते ३० ग्रेन, दिवसातून दोनदा. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. म्हणजे दिवसाकाठी साधारण २.६ ते ३.९ ग्रॅम चूर्ण झाले. अमेरिकन औषधसंहितेने चांगल्या मुळीत रेसर्पीन-गटातील अल्कलॉइडांचे किमान प्रमाण ०.१५ टक्के धरले आहे. या प्रमाणाने वरील चूर्णात सुमारे ४ ते ६ मिलिग्रॅम इतके अल्कलॉइड येते. आधुनिक चिकित्सेत रक्तदाबासाठी रेसर्पीनची दैनिक मात्रा बहुधा ०.१ ते ०.२५ मिलिग्रॅम असते. म्हणजे उन्मादासाठी दिलेल्या चूर्णातील अंश आजच्या कमाल मात्रेच्याही सोळा ते चोवीस पट भरतो. लोकव्यवहारातील मात्रा मनोरुग्णालयांत वापरलेल्या मात्रेच्या आसपासच होती, म्हणूनच तिचा गुण दिसत होता आणि म्हणूनच तिचे उपद्रवही तितकेच खरे होते. त्यातही मुळीचे वय, जागा, तोडणीचा हंगाम यांप्रमाणे अंश बदलतो. आणि सर्पगंधेच्या नावाखाली तिच्याच प्रजातीतील दुसऱ्या, मूळच्या अमेरिकन जातीची मुळे मिसळली जातात. हिशेबाचा पायाच येथे अनिश्चित. रुग्ण आधीच रक्तदाबाचे किंवा विषण्णतेचे औषध घेत असेल तर धोका अधिकच वाढतो.

मुळीच्या मागणीचा आणखी एक परिणाम झाला. सर्पगंधेचे मूळ उपटले की झुडूप संपते. १९५० च्या दशकात परदेशांतून मागणी वाढताच रानेच्या राने उकरली गेली व सरकारला निर्यातीवर निर्बंध घालावे लागले. औषधनिर्मात्यांनी मग आफ्रिकेतील दुसऱ्या जातीकडे मोर्चा वळविला. १९९० पासून सर्पगंधा ही वन्य प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समाविष्ट आहे. सह्याद्रीच्या वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांना लागवड, अल्कलॉइडांचे मापन व भेसळीची परीक्षा हे विषय आजही खुले आहेत.

रुग्णाच्या दृष्टीने परिस्थिती १९५४ पेक्षा पुष्कळ बदलली आहे. रेसर्पीनहून सुरक्षित अशी औषधे तालुक्याच्या गावीही मिळतात. कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात मनोविकारांवर उपचार होतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून टेलि-मानस ही सल्ला-सेवा उपलब्ध आहे. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णास साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई केली आहे. तथापि कायदा आणि औषध पेठ वडगावसारख्या गावाजवळ असूनही रुग्ण तेथवर पोहोचेलच असे नाही. लाज, खर्च आणि 'आधी देवऋषी, मग वैदू, शेवटी डॉक्टर' हा ठरलेला क्रम यांत महिने निघून जातात; आणि छिन्नमनस्कतेसारख्या विकारात उपचारांस लागलेला विलंब पुढील सुधारणेस मारक ठरतो, हे आता पुष्कळ अभ्यासांतून दिसून आले आहे.

उपसंहार

रेसर्पीनची कथा येथेही संपत नाही. त्याच वाहक प्रथिनावर, पण कमी काळ टिकणारी क्रिया करणारे टेट्राबेनाझीन हे औषध १९५० च्या दशकातच तयार झाले होते. हंटिंग्टनच्या रोगातील अनैच्छिक हालचालींवर २००८ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. मनोविकारांवरील औषधे वर्षानुवर्षे घेतल्याने काही रुग्णांच्या जिभेस, ओठांस व हातापायांस ज्या नको असलेल्या हालचाली जडतात, त्यांवरही त्याच कुळातील व्हॅल्बेनाझीन हे औषध २०१७ पासून दिले जाते. वेडावरची म्हणून विकली गेलेली मुळी अशा रीतीने वेडावरील औषधांनी केलेली हानी भरून काढण्याचा मार्ग दाखवून गेली.

या साऱ्या प्रवासात श्रेयाचे वाटेकरी अनेक आहेत. मुळीचा गुण पहिल्याने ओळखणारे अनाम वैदू, तो लिहून ठेवणारे सेन व बोस, राळेकडे बोट दाखविणारे चोप्रा, मोजमाप करणारे वकील, शुद्ध द्रव्य काढणारे बाझेलचे रसायनशास्त्रज्ञ आणि सशाला डोपा टोचणारे कार्लसन. यांपैकी एकाचाही दुवा निखळला असता तर साखळी पुरी झाली नसती. परंपरेने प्रश्न दिला, प्रयोगाने उत्तर दिले. आणि १९५५ च्या लंडनमधील प्रयोगाची आठवण ठेवली तर, मिळालेले उत्तरही पुन्हा तपासून पाहावे लागते, एवढे विद्यार्थ्यांनी विसरू नये. रुग्णाच्या हाती आपण जी गोळी ठेवतो, तिच्याविषयी आपल्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही, हे त्याला सरळ सांगणे हाही शुश्रूषेचाच भाग होय.